पैशांचा अपराध कबूल केलेल्या सभासदाला मंडळीने शिस्त कशी लावावी?

प्रश्न: फतेगंजकर

सर्वांना ख्रिस्ताच्या नावाने सलाम.

बडोद्यातल्या एका लहान मराठी मंडळीच्या पाळकीय समितीचा मी सचिव आहे. रेल्वे, शाळा, कारखाने आणि रुग्णालयांतल्या नोकऱ्यांच्या निमित्ताने नगर-जालन्याकडून इथे आलेल्या कुटुंबांची ही आता तिसरी पिढी आहे. गुजराती उपासना आटोपल्यावर त्याच इमारतीत आमची मराठी उपासना होते. सगळे एकमेकांना नावानिशी ओळखतात, निम्म्या घरांत आपसांत सोयरीक आहे, आणि त्यामुळेच पुढचा प्रश्न आम्हाला सुटत नाही.

आमचे खजिनदार हे मंडळीचे वडीलही (म्हणजे मंडळीतले जबाबदार पुढारीही) आहेत. कबरस्तान निधीचा हिशेब त्यांच्याकडे होता. वार्षिक सभेआधी हिशेब तपासायला बसलो तेव्हा पावतीपुस्तकाच्या स्थळप्रती आणि बँकेचे पासबुक यांचा मेळ बसेना. पावत्या रीतसर फाडलेल्या होत्या, स्थळप्रतींवर देणाऱ्यांची नावे आणि रकमा सुवाच्य अक्षरांत होत्या, मात्र त्यांतल्या कित्येक रकमा बँकेत कधी भरल्याच गेल्या नव्हत्या. पाळकसाहेब आणि मी त्यांच्या घरी जाऊन विचारले. त्यांनी काही लपवले नाही. मुलाच्या कॉलेजच्या फीसाठी पहिल्यांदा रक्कम उचलली, पगार झाल्यावर भरून टाकू असे मनाशी ठरवले, ती भरण्याआधीच दुसऱ्यांदा उचलली, आणि असे होत होत आकडा 1 लाख 50 हजार रुपयांवर गेला. त्याच बैठकीत त्यांनी लेखी कबुली दिली, खजिनदारपद सोडले आणि जवळ होते ते 40 हजार रुपये पाळकसाहेबांच्या स्वाधीन केले.

आता समितीत एकवाक्यता नाही. काहींना वाटते की त्यांच्या मुलीचे लग्न ठरलेले आहे, घराची अब्रू जाईल, तेव्हा प्रकरण समितीपुरतेच ठेवून पैसे वसूल करावेत. काहींचा आग्रह आहे की पहिल्या रविवारी प्रभुभोजनाच्या (भाकरी आणि द्राक्षारसाच्या विधीच्या) उपासनेत त्यांना उभे करून सर्वांसमोर कबुली घ्यावी आणि वर्षभर भोजनापासून दूर ठेवावे. एका वडिलांनी तर त्यांच्या घरच्या कार्याला कोणी जाऊ नये, असेही सुचवले, आणि त्यांना दुजोरा देणारे निघाले.

विचारल्याबरोबर ज्याने कबूल केले त्याला सर्वांसमोर उभे करणे वचनाला धरून आहे का? प्रभुभोजनापासून दूर ठेवायचे तर किती काळ, आणि परत घेण्याचा निर्णय कशावरून करायचा? मत्तय 18, म्हणजे अपराध करणाऱ्या भावाला कसे समजवावे हे सांगणारा अध्याय, मी पुन्हा पुन्हा वाचला. तिथे पहिली पायरी एकांताची आहे, पण इथे पैसा साऱ्या मंडळीचा आहे, आणि तिथेच माझा विचार अडतो. कृपया अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

निवृत्त_पाळक

सचिवसाहेब, सलाम. तुम्ही दोघे आधी त्यांच्या घरी गेलात, हे फार बरे केलेत. बहुतेक मंडळ्यांत याच्या नेमके उलट घडते: आधी कुजबुज होते, मग बैठक होते, आणि ज्याच्याविषयी ती होते त्याला सगळ्यांत शेवटी कळते.

मत्तय 18:15-17 मधल्या पायऱ्या आपण पुष्कळदा अशा वाचतो की लहान पाप एकांतात, त्याहून मोठे दोघा-तिघांपुढे आणि सर्वांत मोठे मंडळीपुढे न्यावे. वचनात तसे म्हटलेले नाही. माणूस ऐकत नाही एवढ्याच कारणाने तिथे पुढची पायरी येते. विदेशी आणि जकातदार, म्हणजे बाहेरचा, समजण्याची शेवटची पायरीही मंडळीचेदेखील जो ऐकणार नाही त्याच्यासाठी राखलेली आहे. तुमच्या बंधूंनी पहिल्याच भेटीत ऐकले. तेव्हा सभासदत्व काढण्याचा विचार कोणाच्या मनात असेल, तर तो विषय समितीने आजच बंद करावा. या वचनांच्या अगोदर हरवलेल्या मेंढराचा दाखला येतो आणि नंतर लगेच, भावाला किती वेळा क्षमा करावी, हा पेत्राचा प्रश्न येतो. शिस्तीचा नियम या दोहोंच्या मध्ये ठेवलेला आहे, आणि तो त्यांच्यापासून तोडून वापरला की तो कोणाच्याही हातात काठीसारखा चालतो.

तरीही मंडळीला काहीच सांगू नये, असे मी म्हणणार नाही. तुमची अडचण खरी आहे. इथे अपराध एका माणसाचा झालेला नाही. ज्याने ज्याने त्या निधीत काही टाकले त्या प्रत्येकाचा झालेला आहे, आणि ते सगळे दर रविवारी समोर बसलेले असतात. शिवाय हे बंधू वडील होते. 1 तीमथ्य 5:19-20 मध्ये पौल वडिलांविषयीच बोलतो आहे: दोन किंवा तीन साक्षीदारांवाचून वडिलांवरचा आरोप दाखल करून घेऊ नये, आणि जे पाप करीत राहतात त्यांना सर्वांसमोर दोष दाखवावा. मूळ वाक्यातला रोख पाप चालू ठेवणाऱ्यांवर आहे, ही गोष्ट ध्यानात घ्यावी. म्हणून माझे मत असे की मंडळीला कळवावे, मात्र ते पाळकाने किंवा सचिवाने समितीच्या वतीने, थोडक्या शब्दांत आणि फक्त पूर्ण सभासदांच्या सभेत कळवावे. पाहुणे, लहान मुले आणि इतर मंडळ्यांतून आलेले लोक ज्या उपासनेत असतात तिथे हा विषय काढू नये. अपराध जेवढ्या लोकांचा झाला तेवढ्यांना कळावा. त्यापलीकडे तो नेण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिलेला नाही.

काळाविषयी विचारलेत. इ.स. 325 मध्ये नायसियाला भरलेल्या बिशपांच्या परिषदेने, छळाच्या काळात कसलीही जबरदस्ती नसताना विश्वास नाकारणाऱ्यांसाठी तीन, सात आणि दोन अशी मिळून 12 वर्षांची वाट ठरवून दिली होती. आज ती वाचताना छाती दडपते. पण त्याच परिषदेच्या पुढच्या नियमात असेही आहे की ज्यांचा पश्चात्ताप त्यांच्या कृतीतून दिसतो त्यांच्या बाबतीत बिशपने अधिक दयेने वागावे, आणि मृत्यूशय्येवर असलेल्याला प्रभुभोजन नाकारू नये, हाही नियम तिथेच सापडतो. मला त्या परिषदेचा पाचवा नियम सर्वांत मोलाचा वाटतो. वर्षातून दोनदा प्रांतातल्या बिशपांनी एकत्र बसून, कोणाला बहिष्कृत केले असेल तर ते बिशपच्या कोत्या मनामुळे किंवा भांडणामुळे तर झाले नाही ना, याची चौकशी करावी, असा तो नियम आहे. सतराशे वर्षांपूर्वी त्या लोकांना माहीत होते की शिस्तीचा अधिकार ज्याच्या हाती असतो त्याच्यावरही कोणाची तरी नजर हवी. तुमच्या समितीतल्या कोणाचे या कुटुंबाशी जुने वैर किंवा नवी सोयरीक असेल, तर त्यांनी या निर्णयात मत देऊ नये.

म्हणून वर्षभर हा आकडा आधी ठरवून टाकू नका. प्रभुभोजनापासून काही काळ दूर राहणे योग्य आहे, आणि बहुधा तेच आपणहून तसे म्हणतील. मात्र ज्या दिवशी दूर राहण्याचे ठरेल त्याच दिवशी परत येण्याची वाटही कागदावर यावी: परतफेडीचे हप्ते, कोणत्या वडिलांना त्यांनी महिन्यातून एकदा भेटायचे, आणि समिती पुन्हा विचार कधी करणार. करिंथच्या मंडळीला पौलाने एका माणसाला दूर करायला सांगितले होते, आणि 2 करिंथ 2:6-8 मध्ये तोच पौल एका शिक्षा झालेल्या माणसाविषयी लिहितो की झाली तेवढी पुरे, आता त्याला क्षमा करून धीर द्या, नाहीतर तो दुःखाने बुडून जाईल. दोन्ही ठिकाणचा माणूस एकच की वेगळा, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. मंडळीला शिस्त थांबवण्याचीही आज्ञा होते, यावर मात्र मतभेदाला जागा नाही.

कार्याला न जाण्याच्या सूचनेविषयी वेगळे लिहायला हवे. आपल्यातल्या पुष्कळांच्या पणजोबांना बाप्तिस्मा घेतल्यावर गावाने वाळीत टाकले होते. विहीर बंद, न्हावी बंद, लग्नाचे आमंत्रण बंद. जातपंचायतीची ती रीत आहे, आणि ती उचलून मंडळीत आणणे मला अत्यंत चुकीचे वाटते. 2 थेस्सलनीका 3:14-15 मध्ये न ऐकणाऱ्याशी संबंध ठेवू नका असे सांगून झाल्यावर लगेच म्हटले आहे की त्याला शत्रू समजू नका, भाऊ समजून बोध करा. बोध करायचा तर त्याच्या घरी जावे लागते.

करेलीबाग

निवृत्त पाळकसाहेबांच्या बहुतेक म्हणण्याशी मी सहमत आहे, पण एका ठिकाणी मला नम्रपणे विरोध नोंदवावासा वाटतो. सचिवाने चार वाक्ये वाचून दाखवली आणि विषय संपला, याने मंडळीला माहिती मिळेल, समेट होणार नाही. ज्या आजीने आपल्या पेन्शनमधून पतीच्या कबरीशेजारच्या जागेसाठी पैसे दिले, तिला त्या माणसाच्या तोंडून “माझे चुकले” हे शब्द ऐकण्याचा हक्क आहे. आणि त्या माणसालाही त्याची गरज आहे. समितीतल्या मोजक्या लोकांनी बंद खोलीत क्षमा केली, तर बाकीच्यांनी केली की नाही हे त्याला जन्मभर कळणार नाही. प्रत्येकाच्या नजरेत तो ते शोधत राहील.

मिलानचे बिशप अंब्रोज यांचे उदाहरण मला नेहमी आठवते. इ.स. 390 मध्ये रोमन सम्राट थिओडोशियसच्या हुकुमावरून थेस्सलनीकात हजारो लोकांची कत्तल झाली. अंब्रोजने आधी सम्राटाला स्वतःच्या हाताने खासगी पत्र लिहिले आणि पश्चात्तापाची कृती दिसेपर्यंत त्याच्या उपस्थितीत प्रभुभोजन करता येणार नाही, असे कळवले. सम्राटाने मिलानच्या मंदिरात सर्वांसमोर पश्चात्ताप केला, आणि त्याच वर्षीच्या नाताळात त्याला पुन्हा प्रभुभोजनात घेतले गेले. पहिले पाऊल एकांताचेच होते. पण पाप जाहीर होते म्हणून पश्चात्तापही जाहीर झाला, आणि तो करणारा साऱ्या साम्राज्याचा धनी होता. आमच्याकडे मात्र जाहीर कबुली देण्याची पाळी ज्यांच्यामागे कोणी बोलणारे नसते अशांवरच येते.

मंडळीत एखादी गोष्ट दाबून ठेवली की पाच वर्षांनी ती दुप्पट होऊन बाहेर येते, आणि तेव्हा तरुण मुले सगळ्याच वडिलांवरचा विश्वास सोडून देतात. हे मी जवळून पाहिलेले आहे. दया दाखवायची ती जरूर दाखवावी, पण दिवसाउजेडी दाखवावी.

निवृत्त_परिचारिका

सर्व बंधुभगिनींना सलाम. करेलीबागच्या बंधूंनी शेवटी जे लिहिले, की उभे राहण्याची पाळी कोणावर येते, तिथूनच मला लिहायचे आहे.

मी नर्सिंगचे शिक्षण घेत होते तेव्हा दुसऱ्या एका शहरातल्या मंडळीत जात असे. लग्नाआधी दिवस राहिलेल्या एका मुलीला तिथे प्रभुभोजनाच्या रविवारी नाव घेऊन उभे करण्यात आले. मी तिच्या मागच्या बाकावर होते. तिच्या हातात गीतपुस्तक उघडे होते आणि पाळक बोलत असेपर्यंत तिने ते मिटले नाही. आई शेजारी बसून तिच्या ओढणीचे टोक धरून होती. मुलगा त्याच मंडळीतला होता आणि सर्वांना ठाऊक होता. त्याचे वडील बांधकाम समितीवर होते. दोन आठवड्यांनी तो गायकवृंदात परत उभा राहिला, आणि ती मुलगी मात्र पुन्हा कधी आली नाही. तिच्या बाळाचा बाप्तिस्मा शेवटी दुसऱ्या पंथाच्या मंडळीत झाला, असे पुढे कळले. योहानाच्या आठव्या अध्यायात व्यभिचारात सापडलेल्या स्त्रीला एकटीच धरून आणली होती आणि पुरुष कुठे होता हे कोणी विचारले नाही, हे दर वर्षी प्रवचनात ऐकणारी ती मंडळी होती.

म्हणून माझी विनंती अशी की समितीने आधी स्वतःला एक प्रश्न विचारावा: हाच अपराध मंडळीतल्या सर्वांत मोठ्या देणगीदाराने केला असता, किंवा दर रविवारी मागच्या बाकावर बसणाऱ्या घरकाम करणाऱ्या बाईने केला असता, तरी आपण हेच ठरवले असते का? उत्तर वेगळे येत असेल तर जे ठरले ते अजून शिस्त झालेले नाही. लेवीय 19:15 मध्ये गरिबाकडे पाहून पक्षपात करू नये आणि बलवानाची भीडही धरू नये, असे दोन्ही बाजूंनी सांगितले आहे.

सर्वांसमोर बोलण्याविषयी माझे मत या दोघांच्या मधले आहे. त्या बंधूंना बोलावेसे वाटले तर त्यांना सभासदांच्या सभेत अवश्य बोलू द्यावे, आणि करेलीबागचे बंधू म्हणतात तसे त्यातून त्यांना मोकळे वाटेल. पण ते त्यांनी मागितले पाहिजे. कागद हातात देऊन वाचायला लावलेली कबुली त्या मुलीच्या उभे राहण्यापेक्षा फारशी वेगळी नसते. आणि त्यांनी मागितले नाही तर त्यावरून पश्चात्ताप खोटा ठरवू नये. काही माणसांना चारचौघांत तोंडच फुटत नाही.

त्यांच्या पत्नी आणि मुलांविषयी कोणीच लिहिले नाही. त्या ताई महिला मंडळात येत असतील, मुलगी संडे स्कूलला शिकवत असेल. त्यांचा काही अपराध नाही. त्यांच्याकडून एकही जबाबदारी काढून घेऊ नये, आणि समितीतल्या कोणाच्या तरी घरातल्या बाईने जाऊन त्यांना हे तोंडाने सांगून यावे. पाळकसाहेब घरी गेले त्या दिवसापासून त्या ताई स्वयंपाकघरात काय विचार करत असतील, याची कल्पना मला करता येते.

लेखापाल_मकरपुरा

आध्यात्मिक बाजू वर पुरेशी आली आहे. मी हिशेबाची आणि कायद्याची बाजू मांडतो, कारण ती सोडून दिली तर समितीवरच बालंट येऊ शकते.

आपल्याकडच्या बहुतेक मंडळ्यांची मालमत्ता आणि निधी 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या कायद्याखाली नोंदलेल्या ट्रस्टकडे असतात. हिशेबांची दर वर्षी तपासणी होते आणि ऑडिटरचा अहवाल चॅरिटी कमिशनरच्या कार्यालयात जातो. तुमची मंडळी तशा ट्रस्टखाली असेल, तर हा पैसा समितीचा नाही आणि तो माफ करण्याचा अधिकारही समितीला नाही. क्षमा पापाची करता येईल, रक्कम मात्र निधीत परत आलीच पाहिजे. विश्वस्तांना आणि ऑडिटरला लेखी कळवा, परतफेडीचा करार साक्षीदारांच्या सह्यांनिशी करा, आणि प्रत्येक हप्त्याची पावती द्या. दुसऱ्याने विश्वासाने सोपवलेल्या पैशाचा अपहार हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 316 खाली गुन्हा आहे. तक्रार करायची की नाही हे विश्वस्तांनी वकिलाच्या सल्ल्याने ठरवावे, समितीने परस्पर “आम्ही मिटवले” असे लिहून देऊ नये.

त्यांची लेखी कबुली व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर जाता कामा नये. तिचा फोटो काढून कोणी पुढे धाडला तर अब्रुनुकसानीचा प्रश्न उभा राहतो, कारण गोष्ट खरी असणे एवढेच कायद्याला पुरत नाही. ती सांगण्यात लोकांचे हित आहे, हेही दाखवावे लागते. सभासदांच्या सभेत चार वाक्यांत सांगणे आणि ग्रुपवर टाकणे यांत हाच फरक आहे.

वाळीत टाकण्याविषयी पाळकसाहेबांनी लिहिले. बडोद्याच्या वाचकांना आठवण करून द्यावीशी वाटते की सयाजीराव महाराजांच्या संस्थानात जातीच्या जुलमाविरुद्ध 1933 मध्येच कायदा झाला होता. संस्थान 1 मे 1949 रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले, आणि त्याच वर्षी मुंबई सरकारने बहिष्कृत करण्यावर बंदी घालणारा कायदा केला. सर्वोच्च न्यायालयाने 1962 मध्ये दाऊदी बोहरा समाजाच्या खटल्यात तो कायदा घटनाबाह्य ठरवला. धर्माच्या कारणावरून सभासदाला बाहेर काढण्याचा अधिकार हा घटनेच्या कलम 26 खाली धार्मिक संस्थेच्या स्वातंत्र्याचा भाग मानला गेला. त्या निर्णयाचा फेरविचार आता नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवलेला आहे. म्हणजे प्रभुभोजनाविषयीचा निर्णय मंडळीचा आहे. त्यावरून लग्नाला जाऊ नका किंवा दफनाला जागा देऊ नका असे फर्मान काढणे ही सर्वस्वी निराळी गोष्ट आहे, आणि कबरस्तान निधीच्या प्रकरणात तर तिचा मोह विशेष होईल म्हणून लिहितो.

शिवाय, या चर्चेचा आधार घेऊन कोणी उद्या मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचे प्रकरणही मत्तय 18 च्या पायऱ्यांनी हाताळू म्हणेल. तसे करू नये. 2012 च्या पॉक्सो कायद्याच्या कलम 19 प्रमाणे अशी माहिती ज्याला आहे त्याने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, न कळवणे हाच गुन्हा आहे, आणि तिथे आरोपीची एकांतात भेट घेणे म्हणजे त्या मुलाला धोक्यात टाकणे होय. 1 करिंथ 6 मध्ये पौलाने कोर्टात जाण्यावरून मंडळीला जे सुनावले आहे ते भावाभावांतल्या व्यवहाराच्या भांडणांविषयी आहे.

आणि खजिनदार एकटाच का मोजत होता, हे समितीने स्वतःला विचारावे. 2 करिंथ 8:19-21 मध्ये पौल दानाची रक्कम एकट्याने नेत नाही. कोणी दोष देऊ नये म्हणून मंडळ्यांनी निवडलेला एक बंधू सोबत घेतो. उपासना संपल्याबरोबर दोघांनी मिळून दानाची थैली मोजायची, वहीत दोघांनी सही करायची, आणि सोमवारी तिसऱ्याने बँकेत भरायचे, एवढे केले असते तर या माणसावर ही वेळच आली नसती. शिस्तीचा हा भाग कोणालाही न दुखवता आधीच लावता येतो.

वाघोडिया_रोड

लेवीय 6:1-5 वाचावे. ठेव म्हणून सोपवलेली वस्तू गिळंकृत करणाऱ्याने ती पूर्ण परत करून वर पाचवा हिस्सा द्यावा, असे तिथे आहे. 1 लाख 50 हजारांवर 30 हजार होतात. सक्ती करू नये, पण त्यांच्यापुढे हे वचन ठेवावे. लोकांकडून जास्त पैसे घेणाऱ्या जक्कय जकातदाराने तर आपणहून चौपट देऊ केले होते.

फतेगंजकर

सर्वांचे मनापासून आभार. काल समितीची बैठक झाली आणि पुष्कळ गोष्टींवर एकमत झाले. त्यांचे दोन नातेवाईक समितीत आहेत. ते चर्चेत बसले, मतदानाच्या वेळी बाहेर गेले. विश्वस्तांना पत्र गेले आहे. थैली मोजण्याची नवी पद्धत येत्या रविवारपासून सुरू होईल. पाचव्या हिश्श्याचे वचन पाळकसाहेबांनी त्यांना वाचून दाखवले, तेव्हा त्यांनी तो आकडा करारात स्वतःच घालायला सांगितला. सभासदांच्या सभेत बोलायचे की नाही, यावर त्यांनी विचार करायला वेळ मागितला आहे, आणि निवृत्त परिचारिका ताईंच्या म्हणण्याप्रमाणे आम्ही त्यांना घाई करणार नाही. माझी पत्नी त्यांच्या घरी जाऊन आली.

दोन गोष्टी राहिल्या. सभेत वाचायचा मसुदा मी असा केला आहे: “कबरस्तान निधीच्या हिशेबात 1 लाख 50 हजार रुपयांची तूट आढळली. खजिनदारांनी ती स्वतःच्या वापरासाठी घेतल्याचे कबूल केले असून पद सोडले आहे. परतफेडीचा लेखी करार झाला आहे आणि विश्वस्तांना कळवले आहे. पश्चात्तापाचे फळ दिसेपर्यंत त्यांना प्रभुभोजनापासून दूर ठेवण्यात आले आहे.” हा ठीक आहे का?

दुसरे म्हणजे, मुलीचे लग्न याच काळात आमच्याच मंडळीत लागणार आहे. वडील या नात्याने त्यांनी तिला वेदीपर्यंत आणावे का, यावर समितीत पुन्हा वाद झाला.

निवृत्त_पाळक

लग्नाविषयी वादाला कारणच नाही. ते तिचे वडील आहेत. तिला त्यांनीच आणावे. त्या दिवशी समितीतल्या प्रत्येकाने सहकुटुंब हजर राहावे, आणि ज्यांनी कार्याला जाऊ नये असे सुचवले होते त्यांना तर पाळकसाहेबांनी स्वतः बरोबर घेऊन जावे. लग्नाच्या उपासनेत प्रभुभोजन ठेवण्याचा विचार असेल तर तो तेवढा टाळा, म्हणजे मुलीला कानकोंडे व्हायला नको.

मसुद्यातली पहिली तीन वाक्ये चांगली आहेत. चौथे बदला. “पश्चात्तापाचे फळ दिसेपर्यंत” म्हणजे कोणाला दिसेपर्यंत आणि कोणते फळ, हे ऐकणाऱ्याला कळत नाही, आणि मग प्रत्येक जण आपापला मोजमाप करणारा होतो. त्या जागी असे लिहा: “ते सध्या प्रभुभोजनात भाग घेणार नाहीत. समिती पुनरुत्थानाच्या सणाआधी (ईस्टरआधी) याचा पुन्हा विचार करील. तोपर्यंत प्रत्येक उपासनेत, प्रार्थनासभेत आणि आपल्या घरी त्यांचे स्वागत करावे, आणि या विषयावर काही विचारायचे असल्यास ते त्यांच्या कुटुंबाला न विचारता सचिवांना विचारावे.”

तुमचा फोन नंबर त्याखाली द्या.